कुंडीच्या आकाराची माती

जिन्याखाली, कचऱ्याच्या डब्याच्या बाजूला, कुणीतरी माती ठेवून गेलं होतं. टाकली होती असं म्हणायला हवं, पण ती टाकल्यासारखी वाटत नव्हती. कुंडी उलटी करून, बुडावर थापटून, कुंडी तेवढी अलगद उचलून नेलेली; त्यामुळे कुंडी गेली तरी तिचा आकार तिथे उभा होता. वर निमुळता, खाली रुंद, काठाची गोल खाच जशीच्या तशी उमटलेली, आणि वरच्या अंगाला बुडाच्या भोकांतून बाहेर पडू पाहणाऱ्या मुळांचे तीन आखूड झुपके. रोप दिसत नव्हतं. मी वाकून बोटाने ढोसून पाहिलं. माती चिकट होती, वरून ओलसर, आणि आपला आकार सोडायला तयार नव्हती. दोन मिनिटं तशीच उभी राहिले आणि मग वर निघून आले.

घरी आल्यावर ते मनातून जाईना. कारण मी माती टाकत नाही. माझ्या गॅलरीच्या कोपऱ्यात जुन्या मातीचे दोन टब कायम भरलेले असतात. गेलेल्या प्रत्येक रोपाची माती त्यात जाते आणि नव्या रोपासाठी त्यातूनच निघते. कुणी कुंडी रिकामी करून माती फेकताना दिसलं तर मला पोटात काहीतरी होतं. आणि तरीही ती माती समोर असताना मी उचलली नव्हती. का, याचं उत्तर मला ठाऊक होतं. त्या मातीत कोण राहून गेलं आणि कशाने गेलं, हे मला माहीत नव्हतं.

जुनी माती वापरणं मी आईकडून घेतलं. शिकले म्हणत नाही, कारण तिने ते कधी शिकवलं नाही. ती करत होती आणि मी शेजारी बसलेली असे. रोप संपलं की ती त्या कुंडीला आठ-दहा दिवस पाणी घालत नसे. मग गोणपाटावर कुंडी उपडी करायची. ढेकळं खुरपीने फोडायची नाहीत, हाताने फोडायची, कारण हाताला कळतं. जाड मुळं वेचून बाजूला, बारीक केसांसारखी मुळं तशीच मातीत. मध्येच एखादी हुमणी निघे, पांढरीफटक, अंगाची गुंडाळी करून पडलेली, आणि मी ओरडे. नंतर ती माती उन्हात पसरून ठेवलेली असे. रोज संध्याकाळी तिच्यात हात फिरवून वरची खाली आणि खालची वर. शेवटी चाळण. खडे वेचायचं काम माझं. कुंडी पुन्हा भरायच्या आधी ती त्या तापलेल्या मातीवर पाण्याचा हबका मारी, आणि जो वास उठे तो मला आजही कुठल्याही कुंडीपाशी ओळखता येतो. त्या वासामागच्या रसायनाचं नाव जिओस्मिन, ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तयार करतात, हे फार पुढे वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं की असा वास आला की आई समाधानाने हात झटकते, आणि आंबूस वास आला तर कपाळाला आठी घालून माती परत उन्हात ढकलते. आता कळतं की आंबूस वास म्हणजे आत हवा पोचत नाही, आणि हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंनी तिथे घर केलंय. तिची आठी बरोबर होती.

माती विकत आणायची असते हे मला स्वतःचं घर झाल्यावर कळलं. पहिली पिशवी उचलली तेव्हा ती उशीसारखी हलकी लागली आणि मला फसवलं गेल्यासारखं वाटलं, कारण माती म्हणजे जड हे हाताला माहीत होतं. उघडली तर तिच्यात माती अशी नव्हतीच. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा, पीट म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पती, कंपोस्ट आणि परलाईटचे पांढरे दाणे. पण त्यात हात घातला तर मनगटापर्यंत गेला. इतकं मऊ, इतकं एकसारखं, एकही खडा नाही. त्यात लावलेला मोगरा ज्या वेगाने फुटला तसा आईच्या कुंडीत कधी फुटलेला मी पाहिला नव्हता, आणि त्या फुटव्याचा आनंद खराच होता. पुढची दोन-तीन वर्षं मी प्रत्येक नव्या रोपाला नवी पिशवी फोडली आणि जुनी माती निमूटपणे टाकून दिली. हो, तेव्हा टाकली. आईला सांगितलं नाही.

मग हळूहळू दिसायला लागलं. वर्षभरात कुंडीतली पातळी चार बोटं खाली गेलेली. पाणी घातलं की वर साचून राही. आणि मधे कधी पूर्ण सुकली तर उलटंच, पाणी मातीला शिवतही नसे, कुंडीच्या कडेने धार लागून सरळ ताटलीत. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर आणि मातीच्या पृष्ठावर पांढरट पापुद्रा. मी समजत होते की झाडाने माती खाल्ली. खाल्ली म्हणून कमी झाली, कमी झाली म्हणून नवी हवी. इतकं सरळ उत्तर असल्यावर कोण कशाला शंका घेतो.

ती शंका मला सतराव्या शतकातल्या एका माणसामुळे आली. यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँटने एका मोठ्या भांड्यात भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली, म्हणजे सुमारे ९० किलो, आणि तिच्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून भांड्यावर भोकं पाडलेला पत्रा घातला आणि पाच वर्षं नुसतं पाणी दिलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं तर १६९ पौंड भरलं, जवळजवळ ७७ किलो. माती पुन्हा वाळवून तोलली. ती कमी झाली होती दोन औंसांनी. साठ ग्रॅमसुद्धा नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड म्हणजे सगळं पाणीच. तो चुकला, कारण झाडाच्या अंगातला बराचसा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो आणि ते त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याच्या तराजूने सांगितलेलं एक वाक्य अजून खरं आहे. झाड माती खात नाही. चिमूटभर खनिजं घेतं, आणि माती जवळजवळ होती तेवढीच मागे ठेवून जातं.

मग माझी चार बोटं गेली कुठे?

हवेत. व्हॅन हेल्माँटची माती खनिजांची होती, दगडाची झीज होऊन झालेली. माझ्या पिशवीतलं जवळजवळ सगळं कधीकाळी झाड होतं, आणि ते कुंडीतही कुजत राहतं. जिवाणू आणि बुरशी त्याला खातात, त्याचा कार्बन वायू होऊन निघून जातो, आणि उरतो तो भुगा. मोठे तंतू तुटून बारीक होतात, त्यांच्यामधल्या फटी बुजतात, आणि फटी बुजल्या की मुळांच्या वाट्याची हवा संपते. परलाईटचे दाणे तेवढे शेवटपर्यंत तसेच असतात. ते एका जातीच्या ज्वालामुखी काचेचे, साडेआठशे अंशांच्या पुढे तापवून लाह्यांसारखे फुललेले. ते कुजत नाहीत, फार तर बोटाखाली चुरडतात. नत्र पाण्याबरोबर वाहून जातं आणि खतांचे, पाण्याचे क्षार मागे साचत जातात. तो पांढरा पापुद्रा त्यांचाच. म्हणजे जुनी माती उपाशी असते हे अर्धंच खरं. ती दमलेली असते, तिला श्वास घेता येत नसतो. उपाशी मातीला खत घातलं की भागतं. दमलेल्या मातीला खत घालणं म्हणजे क्षारांवर आणखी क्षार.

दमलेल्या मातीत जे नसतं त्याला आपल्याकडे किती नेमका शब्द आहे: वाफसा. पाणीही आहे, हवाही आहे, माती हातात घेतली तर मूठ वळते आणि बोट लावलं की विस्कटते. शेतकरी वाफसा येण्याची वाट बघतो, कारण शेताला खाली उतरायला जागा असते आणि जास्तीचं पाणी खोल निघून जातं. कुंडीला बूड असतं. बुडाशी पाण्याचा एक थर कायम अडकून राहतो, आणि माती जितकी बारीक होत जाईल तितका तो थर वर चढतो. मी कित्येक वर्षं निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे घालत होते. त्याने पाण्याचा तो थर नाहीसा होत नाही. खड्यांच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. हे समजलं त्या दिवशी मी सगळ्या कुंड्यांतले खडे काढले. आईने मात्र तळाला फक्त एक खापरीचा तुकडा ठेवलेला असे, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून.

तर मी पुन्हा आईच्या वाटेला आले. उन्हात तापवणं, चाळणं, तीन वाटे जुनी माती आणि एक वाटा कंपोस्ट, मूठभर नवे परलाईट, आणि क्षार दिसले तर आधी कुंडीच्या तीन-चार पट पाणी त्यातून सोडून धुऊन घेणं. रोपं छान यायला लागली. माती टाकणाऱ्यांबद्दल माझ्या मनात थोडा रागही साठायला लागला. आणि त्याच भरात मी मैत्रिणीची रोपं मारली.

ती गाव सोडून जात होती. जाण्याआधी तिने बियांपासून वाढवलेली वांग्याची सहा रोपं मला दिली, प्रत्येकाला चार-चार पानं आलेली, कागदाच्या छोट्या कपांत. मी ती माझ्या टबातल्या, माझ्या हाताने चाळलेल्या, चांगल्या वासाच्या मातीत लावली. दीड महिना झाला तरी ती गुडघ्याएवढी होईनात. भर दुपारी माना टाकत, संध्याकाळी सावरत, आणि मी म्हणत राहिले की ऊन जास्त आहे. पानं पिवळी झाली. एकेक करून सहाही गेली. शेवटचं उपटलं तेव्हा मुळं पाहिली आणि हातपाय गार पडले. सबंध मुळांवर गाठी. जणू कुणी दोऱ्यात बारीक-बारीक मणी ओवून ठेवावेत तशा. सूत्रकृमी, मुळांत शिरून गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे कृमी. आणि मग आठवलं, त्या टबात आधी टोमॅटो होते, तेही दुपारी माना टाकत होते, आणि ते काढले तेव्हा अंधार पडला होता. मी मुळं नीट बघितलीच नव्हती. टोमॅटो, वांगी, मिरची सगळी एकाच कुळातली. एकाचा पाहुणा दुसऱ्याकडे सुखाने राहतो. मी एका आजाऱ्याच्या अंथरुणावर सहा पोरं झोपवली होती.

मैत्रिणीने मधे दोनदा विचारलं होतं, रोपं कशी आहेत. मी लिहिलं होतं, वाढतायत. ती खोटी ओळ अजून टोचते.

आईला फोन केला. वाटलं होतं ती काहीतरी उपाय सांगेल, माती वाचवायचा. ती म्हणाली, "टाकून दे ती. आजच." मी म्हटलं, "अगं, सगळी? दोन टब आहेत." तर म्हणाली, "माती जपायची म्हणजे रोग जपायचा का? आणि टब गरम पाण्याने धू. हात साबणाने धू, आणि ते हात दुसऱ्या कुंडीला लावू नकोस." तिच्या आवाजात जराही हळहळ नव्हती. फोन ठेवल्यावर मला एक संध्याकाळ आठवली जी मी साफ विसरले होते. आई एकटीच एक जड गोण ओढत बाहेर नेतेय. मला जवळ येऊ देत नाही. परत येऊन कुंडी घासतेय, कोपरापर्यंत हात धुतेय. म्हणजे ती टाकत होती. नेहमीच टाकत असणार, जेव्हा टाकायला हवी तेव्हा. मी मात्र तिच्या साठवण्याच्याच संध्याकाळी लक्षात ठेवल्या, तेवढ्यावरून तिच्याबद्दल एक गोष्ट रचली आणि त्या गोष्टीप्रमाणे वागत राहिले.

मी दोन्ही टब टाकले नाहीत. एक टाकला. दुसरा उन्हाळ्यात तापवला, पण आईसारखा कोरडा नाही. माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत पातळ भरली, तोंडं बांधली आणि सहा आठवडे कडक उन्हात ठेवली. ओली अशासाठी की ओल्या मातीत उष्णता आतपर्यंत जाते आणि दडून बसलेले जीव जागे होऊन तिला सापडतात. पारदर्शक अशासाठी की ऊन आत जायला हवं. इस्रायलमधले वनस्पतिरोगतज्ज्ञ याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही रीत शास्त्रशुद्ध मांडली. जमिनीत सूत्रकृमी खोल पळू शकतात, पिशवीत पळायला जागा नसते. ओलसर वाफेची ६० अंश उष्णता अर्धा तास मिळाली तर बहुतेक रोगजंतू मरतात आणि उपयोगाचे बरेचसे जीव तगतात. त्याच्या खूप वर गेलं तर माती उलट बिघडते, अमोनिया आणि मँगनीज मुळांना बाधेल इतकं सुटतं. म्हणून भट्टीत माती भाजायचा सल्ला मी कुणाला देत नाही.

गंमत म्हणजे पिशवीतल्या नव्या मातीची कुळकथाही मेलेल्या रोपांपासूनच सुरू होते. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेत प्रिम्युला नावाच्या फुलझाडाची प्रयोगातली रोपं हकनाक मरत होती. त्या काळी प्रत्येक माळ्याची प्रत्येक झाडासाठी मातीची वेगळी, गुप्त कृती असे. विल्यम लॉरेन्स आणि जॉन नेवेल यांनी पोयट्याला वाफ देऊन तो निर्जंतुक केला आणि अनेक मिश्रणं करून पाहिली. बहुतेक सगळ्या झाडांना चालेल अशी एक कृती त्यातून निघाली: सात वाटे पोयटा, तीन वाटे पीट, दोन वाटे वाळू. संस्थेने ती विकली नाही, जाहीर केली. सहा वांगी गमावल्यानंतर हे वाचताना त्या दोघांबद्दल मला फार जवळीक वाटली. माझा नव्या मातीवरचा राग तिथे ओसरला. बी पेरायला मी आता नवीच माती घेते, त्यात तडजोड करत नाही, कारण कोवळ्या कोंबाला रोपमर, म्हणजे बुडाशी कुजवणारा रोग, गाठते तेव्हा एका रात्रीत सगळा ट्रे आडवा होतो.

तरीही पीट असलेली पिशवी मी उचलत नाही. दलदलीत पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. बोटाच्या पेराएवढ्या थराला पाव शतक. जगातल्या जमिनीच्या सुमारे ३ टक्के भागावर ही दलदल आहे आणि सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांपेक्षा जास्त कार्बन तिने धरून ठेवलाय. तो उपसून, पिशवीत भरून, एका हंगामात वापरून कचऱ्यात. हे माझ्याने होत नाही. आणि नवी म्हणजे शुद्ध असंही नसतं. पिशवीतून बारीक काळ्या माश्या घरात आलेल्या मी पाहिल्यात, आणि पॉटिंग मिक्सच्या धुळीतून लिजिओनेला लाँगबीचीसारखा फुप्फुसाचा गंभीर आजार देणारा जिवाणू श्वासात जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात पिशव्यांवर तसा इशाराच छापलेला असतो. पिशवी तोंडापासून लांब धरून उघडावी, मास्क लावावा, माती आधी भिजवावी. नव्या मातीचाही भूतकाळ असतो, फक्त तो आपल्याला कुणी सांगितलेला नसतो. जुनीचा मला सांगता येतो. माझ्या टबांत आता काड्या खोचलेल्या आहेत: शेवंती, दोन वर्षं, मुळं स्वच्छ. मिरची, फुलकिडे, मुळं स्वच्छ. झेंडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली गेले तर तो गड्डा तिथेच होता. रात्रीतून एका बाजूने थोडा खचलेला. या वेळी रिकामा टब घेऊन गेले होते. गॅलरीत गोणपाट पसरलं, हातमोजे घातले आणि ढेकूळ फोडायला घेतलं. बाहेरची माती चिकण आणि ओली. आत बोटं गेली आणि एकदम कोरडं लागलं. माती बाजूला केली तर आत आणखी एक आकार होता. रोपवाटिकेतल्या छोट्या पिशवीचा, हुबेहूब, तळाशी घडी पडलेली तीसुद्धा उमटलेली. कोकोपीटचा लालसर गठ्ठा, लाकडाच्या भुशासारखा सुका. मुळं त्या गठ्ठ्याभोवतीच गोल-गोल फिरून बसली होती. दोन-चार तेवढी निसटून बुडाच्या भोकांपर्यंत पोचलेली. कुणीतरी रोप आणलं, गठ्ठा न सोडवता तसाच कुंडीत ठेवला, भोवती माती दाबली आणि रोज पाणी घातलं. वरची माती रोज ओली दिसत असणार. पण ते पाणी भोवतालच्या चिकण मातीतून आतल्या सुक्या गठ्ठ्यात शिरत नव्हतं. रोप ओल्या मातीच्या मधोमध तहानेने गेलं. बुंधा बोटभर उरला होता. कशाचा ते ओळखू आलं नाही.

मी एकेक मूळ उजेडात धरून पाहिलं. गाठ नव्हती. वास बरा होता. तरी ती माती मी माझ्या टबात मिसळली नाही. वेगळ्या कुंडीत भरली, कंपोस्ट घातलं, आणि घेवड्याचे सहा दाणे पेरले. घेवडा लगेच सांगतो: मातीत तणनाशकाचा अंश असेल तर पानं चुरगळून वाटीसारखी होतात, आणि सूत्रकृमी असतील तर दीड महिन्याने उपटल्यावर मुळं दाखवतात. काडीवर लिहिलं, जिन्याखालची.

आज सहावा दिवस. तीन दाण्यांनी माती वर ढकललीय, माना अजून वाकलेल्या आहेत, पानं उघडलेली नाहीत. मैत्रिणीला काल रात्री तिच्या वांग्यांचं खरं काय झालं ते लिहिलं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. आईला फोनवर या मातीबद्दल सगळं सांगितलं, आतला तो दुसरा आकारसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात धुतलेस ना नंतर?"